चकचकीत घरातली बाळंतीण

माझी नोकरी नेमकी काय आहे हे सासूबाईंना कळलं होतं, पण पटलं मात्र शेवटपर्यंत नाही. दर रविवारी त्यांचा पुण्याहून फोन यायचा.

"म्हणजे शुभा, तू नर्स नाहीस?"

"नाही आई."

"डॉक्टर तर नाहीसच."

"नाही."

"मग बाळंतपणाच्या खोलीत तुझं काय काम?"

"अहो आई, बाई एक भाषा बोलते, डॉक्टर दुसरी. मी मध्ये उभी राहते."

"कळा काय भाषेत येतात होय?" असं म्हणून त्या फोन अरविंदकडे द्यायला सांगायच्या.

अरविंद माझा नवरा. न्युरेम्बर्गला यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. त्याच्या नोकरीपायी आम्ही जर्मनीत आलो आणि पुण्यात जर्मन शिकवणारी मी इथे येऊन जर्मन वापरणारी झाले. त्याला जाऊन आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून मी फार सावकाश लिहिते. मधेच एखादं वाक्य त्याला वाचून दाखवावंसं वाटतं आणि मग पेन खाली ठेवावं लागतं. संपादकांनी नोकरीवर लिहायला सांगितलं तेव्हा आधी नको म्हणणार होते. मग वाटलं, त्या वर्षांत तो रोज संध्याकाळी घरी असायचा. तेवढ्यासाठी लिहावं.

न्युरेम्बर्गहून तासाभराच्या अंतरावर, पाइनच्या जंगलात, अमेरिकी लष्कराची एक मोठी छावणी आहे. फाटकातून आत गेलं की जर्मनी संपते. आत त्यांची शाळा, त्यांचं चर्च, त्यांचं टपालखातं, दुकानात डॉलर. सैनिकांची कुटुंबं तिथे दोन-तीन वर्षांसाठी येतात आणि पुढच्या बदलीच्या हुकुमावर निघून जातात. आत एक दवाखानाही होता. सर्दी-ताप, लसी, मोडलेली हाडं तिथे बघत. बाळंतपणाची सोय मात्र नव्हती. त्यामुळे गरोदर बायका, गर्भपिशवीच्या शस्त्रक्रिया, छातीतल्या गाठी, हे सगळं आसपासच्या गावांतल्या जर्मन हॉस्पिटलांकडे जायचं. अशा बायकांबरोबर जाण्यासाठी दवाखान्याने आम्हा काही जणींना नेमलं होतं. २०१०नंतरची बरीचशी वर्षं माझी यात गेली. अफगाणिस्तानात पलटणी जात होत्या तो काळ. छावणीतल्या निम्म्या घरांत नवरा नसायचा.

आमच्या कामाचे नियम थोडे आणि कडक होते. बोललेलं सगळं सांगायचं, न बोललेलं काही सांगायचं नाही, सल्ला तर कधीच द्यायचा नाही. आणि बोलायचं ते "मी" म्हणून. बाई म्हणाली, माझं पोट दुखतंय, तर मी डॉक्टरांना "तिचं पोट दुखतंय" असं म्हणायचं नाही. "माझं पोट दुखतंय" असंच म्हणायचं. त्यामुळे डॉक्टर दुभाष्याशी न बोलता बाईशी बोलतात. या नियमामुळे मी जर्मन भाषेत असंख्य वेळा गरोदर राहिले. आम्हाला मूल नव्हतं. अरविंदने पहिल्यांदा "काय, आज कितवा महिना?" असं विचारलं आणि त्यानेच जीभ चावली. मग मी म्हटलं, "सकाळी पाचवा, दुपारी नववा," आणि आम्हाला हसू आवरेना. पुढे ते रोजचंच झालं.

लोकांना वाटतं अडचण भाषेची असते. भाषा सोपी असते. पहिल्याच महिन्यात एका लष्करी बाईबरोबर, ती स्वतः सार्जंट होती, मी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेले. डॉक्टरांनी हस्तांदोलन केलं, पडद्याआड बोट दाखवलं आणि म्हणाले, कंबरेखालचे कपडे काढून या. सार्जंटबाई आत गेल्या आणि बराच वेळ बाहेरच येईनात.

"मिस शूबा," आतून आवाज आला, "इथे गाऊन नाहीये."

मी डॉक्टरांना सांगितलं, "इथे गाऊन नाहीये."

"गाऊन? कशासाठी?" डॉक्टरांना खरंच कळेना. "म्हणजे, मी तर सगळं बघणारच आहे."

हे मी इंग्रजीत सांगितलं. शेवटी सार्जंटबाई लष्करी जाकीट कंबरेला गुंडाळून बाहेर आल्या, ताठ मानेने, संचलनाला निघाल्यासारख्या. जर्मनांना उघड्या अंगाचं काही वाटत नाही, अमेरिकनांना चादरीशिवाय तपासणी म्हणजे बेअब्रू. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. त्या सुट्टीत मी पुण्याच्या शिंप्याकडून मापाचे सुती परकर शिवून घेतले, नाडीचे, घेरदार. तेव्हापासून बॅगेत एक परकर कायम. बायका तो घालून खुर्चीपर्यंत निवांत चालत जायच्या. एक परकर बदलीबरोबर टेक्ससला गेला तो गेलाच.

संध्याकाळच्या जेवणाचंही तसंच. बाळंत झालेल्या बाईपुढे जर्मन हॉस्पिटलात थंड पाव, चीजचे दोन तुकडे आणि काकडीचं लोणचं येतं, शिवाय बडीशेपेचा चहा. एका मुलीने मला अगदी हळू आवाजात विचारलं होतं, "मी काही चुकीचं वागले का? मला शिक्षा केलीय का?" मी तिला सांगितलं, शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाई बाळंत झाल्या आहेत, त्यांनाही हेच मिळालंय. मला स्वतःला तो चहा फार आवडायचा. बाळंतिणीला बडीशेप देणारा देश अगदीच परका वाटत नाही.

पण जर्मनीतली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे हेबामे. हेबामे म्हणजे शिकलेली, परवाना असलेली सुईण. बाई हॉस्पिटलातून घरी गेली की हेबामे तिच्याकडे येत राहते. टाके बघते, बाळाला झोळीत घालून वजन करते, दूध उतरतंय का ते पाहते आणि बाई रडायला लागली तर शेजारी बसते. त्या दिवसांत बाईने पडून राहायचं, घर दुसऱ्यांनी सांभाळायचं, असं जर्मनांमध्ये मानतात. आपल्याकडच्या सव्वा महिन्यासारखंच, फक्त शेक-शेगडी नाही. अमेरिकन मुली मात्र चौथ्या दिवशी बाळाला गाडीत घालून दुकानात जायच्या. त्यात त्यांना अभिमान वाटायचा.

आमच्या भागातल्या हेबामे होत्या फ्राऊ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई. साठीच्या, रुंद हाताच्या, तिथल्या फ्रँकिश बोलीत बोलणाऱ्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. "बाळांना येतं का इंग्रजी?" असं विचारायच्या. छावणीतल्या बायकांकडेही हेबामेने जावं असं दवाखान्यात ठरलं आणि मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले.

अगदी सुरुवातीच्या घरांपैकी एक डॅनाचं.

डॅना चोविशीची, ओक्लाहोमाच्या एका लहान गावातली. नवरा, कोडी, अफगाणिस्तानात. पहिलंच बाळ, मुलगी, पोट चिरून काढावी लागली. पाच दिवसांनी तिला घरी सोडलं. तिची आई येणार होती, पण आयत्या वेळी तिला कामावरून रजा मिळाली नाही.

पहिल्या भेटीला फ्राऊ लिंडनर आणि मी फाटकावर पोचलो. मला कामाचा पास होता, पण त्या पासावर दुसऱ्याला आत नेता येत नसे. पाहुण्याला आत घ्यायचं तर छावणीत राहणाऱ्या माणसाने स्वतः फाटकावर येऊन सही करायची. डॅना बाबागाडी ढकलत आली. केस विंचरलेले, ओठांना लाली, इस्त्रीचा शर्ट. सही करून ती आमच्यापुढे चालत निघाली, आणि मी आमच्या गाडीत बस म्हटलं तर म्हणाली, "नको, मी ठीक आहे."

घर बघून मी थक्क झाले. फरशीत तोंड दिसत होतं. गाद्यागिरद्या ताणून बसवलेल्या, ओट्यावर एक चमचासुद्धा नाही. टेबलावर ताजा केक. फ्राऊ लिंडनरनी बाळाचं वजन केलं, जखम बघू का विचारलं. डॅना म्हणाली, "आज सकाळीच पट्टी बदललीय, सगळं ठीक आहे." मी म्हटलं, "सगळं ठीक आहे." प्रत्येक प्रश्नाला तिचं हेच उत्तर आणि माझंही.

परत येताना मी केकची तारीफ केली. फ्राऊ लिंडनर खिडकीबाहेर बघत होत्या.

"मला ते घर आवडलं नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, इतकं नीटनेटकं होतं."

"गेनाऊ, तेच तर. आठवड्याचं बाळ आहे, नवरा नाही, आई नाही. मग पसारा कुठाय? कोण आवरतंय?"

अमेरिकन बायका टापटिपीच्या असतात, असं काहीतरी मी बोलले असेन.

दोन दिवसांनी आम्ही परत गेलो. पुन्हा डॅना फाटकावर, पुन्हा लाली. या वेळी गालही लाल होते. घरात शिरल्याबरोबर फरशी पुसायच्या औषधाचा उग्र वास आला. फरशी ओली होती. फ्राऊ लिंडनरनी पिशवी उघडलीच नाही. कोट न काढता त्या डॅनापाशी गेल्या आणि तिच्या मानेवर, केसांखाली, हात ठेवला. मग तो हात तिथेच ठेवून माझ्याकडे वळल्या.

"विचारा, ही फरशी कुणी पुसली?"

मी विचारलं.

"मी," डॅना म्हणाली. "तुम्ही येणार होतात ना."

मी जर्मनमध्ये म्हटलं, "मी पुसली. तुम्ही येणार होतात म्हणून."

फ्राऊ लिंडनर माझ्याकडेच बघत राहिल्या, जणू ओणवी होऊन मीच पुसली होती. मग म्हणाल्या, "तिला सांगा, मला फरशीशी घेणं नाही. फरशीला टाके नसतात. तिने आता आडवं व्हायचं आणि मला पोट दाखवायचं."

डॅना आडवी झाली. टाक्यांच्या एका टोकाशी लाल सूज होती आणि तिथून पाणी येत होतं. अंगात सणसणून ताप. कालपासून थंडी वाजतेय, गोळ्या घेतेय, तिने सांगितलं. मग तापाच्या गोळ्या घेऊन का बसलीस, आम्हाला फोन का नाही केलास, हे मी विचारायचं नव्हतंच. ते फ्राऊ लिंडनरनी विचारलं. त्यावर डॅना जे बोलली ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

छावणीतली घरं सरकारी. ती बघायला माणसं येतात. घर गलिच्छ निघालं तर बायकोला कुणी काही म्हणत नाही, ते नवऱ्याच्या वरच्या साहेबाला कळतं. जाताना कोडी म्हणाला होता, बाकी काही नको, फक्त साहेबाला मला ऑफिसात बोलावून घ्यावं लागेल असं काही होऊ देऊ नकोस. आणि मग दवाखान्याने सांगितलं की बाळंतपणानंतर एक बाई घरी येऊन बघून जाईल. घरी कोण येतं बघायला? तपासणीवालेच येतात. डॅनाने हॉस्पिटलातून आल्यापासून रोज घर धुतलं होतं.

"मी आजारी आहे हे त्याला कळलं तर त्याचं लक्ष उडेल," ती म्हणाली. "तिथे लक्ष उडालं की माणूस मरतो. मी हॉस्पिटलात जाणार नाही."

मला हे "मी" म्हणून म्हणायचं होतं. "मी आजारी आहे हे त्याला कळलं तर," इथपर्यंत मी आले आणि थांबले. दुभाष्याने थांबायचं नसतं. घोटभर पाणी प्यायले आणि वाक्य पुरं केलं.

फ्राऊ लिंडनर पलंगाच्या कडेला बसल्या. ओल्या फरशीवर त्यांच्या बुटांचे ठसे उमटले होते, त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे बघ, घर आता घाण झालंच. त्याची काळजी मिटली." डॅनाला मी हे सांगितलं, पण तिला हसू आलं नाही. मग त्यांचा आवाज बदलला. "माझ्यावर कुठलाही साहेब नाही, मुली. मी कुणाला कळवत नाही. पण हा ताप वाट बघत नसतो. पूर्वी याच तापाने बायका जायच्या. तू आज गेलीस तर आठवड्यात परत येशील. उद्या-परवा गेलीस तर मला सांगता येत नाही."

डॅना छताकडे बघत होती. "आणि कोडीला?"

मी म्हटलं, मला दवाखान्यात एक फोन करू दे. दवाखान्यातल्या मुख्य परिचारिका स्वतः लष्करातल्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना सगळं सांगून फोन डॅनाच्या कानाला लावला. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. डॅना मात्र पुन्हा पुन्हा म्हणत होती, "नक्की? मी सांगेपर्यंत त्याला कुणी सांगणार नाही? नक्की?" मग फोन माझ्या हातात देऊन ती पहिल्यांदाच रडली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण बाळ माझ्याबरोबर."

"हो, हो, अर्थात," फ्राऊ लिंडनर माझ्या भाषांतराआधीच म्हणाल्या. तेवढं त्यांना कळलं होतं.

शेजारची टीना, तिचा नवराही त्याच पलटणीत, धावत आली. तिने बाळाचे कपडे पिशवीत भरले आणि डॅनाला ओरडली, "अगं, तू फाटकापर्यंत चालत गेलीस? अशा पोटाने? मी काय मेले होते का इथे?"

"तुला दोन मुलं आहेत."

"म्हणून मला सही करता येत नाही का?"

हॉस्पिटलात पोचेपर्यंत ताप आणखी चढला होता. जखम उघडून साफ केली, सलाइनमधून औषधं सुरू झाली. पहिले दोन दिवस ताप उतरेना. मी दिवसभर तिथेच असायची. घरी आले की अरविंद नेहमीचा प्रश्न विचारत नसे. कोट घ्यायचा आणि मुगाची खिचडी पुढे ठेवायचा. "ती मुलगी?" एवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेले तर डॅना उठून बसली होती, बाळाला पाजत, आणि काल रात्रीचं काकडीचं लोणचं मिटक्या मारत खात होती.

दुपारी तिने स्वतःच ठरवलं की कोडीला सांगायचं. फोनच्या पडद्यावर एक धुळकट चेहरा आला. मी उठून जाऊ लागले तर म्हणाली, "बस, मिस शूबा." तिने त्याला सगळं सांगितलं, फरशीसकट.

"डॅना," तो म्हणाला, "मी पाच महिने वाळूत झोपतोय. माझ्या अंथरुणात विंचू निघाला. आणि तू फरशी पुसतेयस?"

"तूच म्हणाला होतास..."

"मी एक नंबरचा गाढव आहे. पोरगी दाखव."

तिने पोरगी दाखवली. तो तिच्याकडे बघत राहिला आणि मी खिडकी उघडायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

डॅना बरी झाली. कोडीही पलटणीबरोबर सुखरूप परतला, हे वाचकाला सांगून टाकते. सगळेच परतले नाहीत. त्या बायकांसाठीही मी दुभाषी झाले आहे, पण त्याविषयी लिहिण्याएवढी माझी तयारी अजून नाही.

तपासणीची ही भीती आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. दवाखान्यात, हॉस्पिटलात, आम्हा दुभाष्यांत, सगळ्यांना आपापलं काम चोख येत होतं. फाटकाचा नियम सगळ्यांना पाठ होता आणि त्या फाटकाशी टाके घातलेली बाई उभी आहे हे कुणी पाहिलं नव्हतं. मला याचं वाईट वाटतं, आजही वाटतं.

बदल मात्र वरून कुठून आला नाही. टीना आणि डॅनाने तो केला. हेबामे येणार असेल त्या दिवशी फाटकावर सही करायला त्यांच्यापैकी एकजण जायची. हळूहळू त्यात आणखी बायका आल्या. टीनाची बदली झाली तेव्हा तिची जागा घ्यायला तिघीजणी भांडत होत्या. आणि सही करण्याआधी त्या बाळंतिणीकडे डोकावून येत. तिथे काय बोलत, ते मला ठाऊक नव्हतं.

ते कळलं पुढच्या वसंतात. नव्यानेच बदलून आलेल्या एका सैनिकाची बायको बाळंत झाली होती, आणि नवरा आल्या आल्या सरावासाठी बाहेर गेला होता. डॅना फाटकावर आली, कडेवर पोरगी. सही करून आम्हाला त्या घरापर्यंत सोडलं. दार तिनेच उघडलं.

आत शिरायला वाट नव्हती. सोफ्यावर न घडी घातलेल्या कपड्यांचा ढीग, मोरीत ताटं, टेबलावर अर्धा खाल्लेला पाव, जमिनीवर लंगोटांची फुटलेली पिशवी. त्या सगळ्याच्या पलीकडे, भर सकाळी, पडदे ओढलेल्या खोलीत ती मुलगी झोपली होती. बाळ तिच्या कुशीत. पावलांच्या आवाजाने तिने डोळे उघडले आणि उठायला लागली.

"उठू नकोस," डॅना दारातून म्हणाली. "मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलंस," मुलगी पुन्हा उशीवर डोकं टेकत म्हणाली. "मी काहीच आवरलं नाही."

मी हे जर्मनमध्ये म्हटलं. "मी काहीच आवरलं नाही."

फ्राऊ लिंडनर कोट हातात घेऊन त्या पसाऱ्याकडे बघत उभ्या होत्या, एखादी बाग बघावी तशा. मग त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलून जमिनीवर टाकले, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बसल्या.

"छान," त्या म्हणाल्या. "आता बाळ बघू."